हंटिंग्टनच्या मेंदूतली प्रथिने: टीएमटी की डीआयए?

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात प्रथिने किती बदलली, हे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचे दोन मार्ग आहेत. टीएमटीत प्रत्येक नमुन्याच्या पेप्टाइडांना, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांना, वेगळे रासायनिक लेबल लावून सगळे एकत्र चालवतात. डीआयएत लेबल न लावता प्रत्येक नमुना स्वतंत्र चालतो. नमुने १६च्या आत असतील, समजा झेडक्यू१७५ (हंटिंग्टनचे प्रारूप असलेल्या) उंदरांचे दोन गट, तर टीएमटीला नावे ठेवायला फारशी जागा नाही. सगळे एकाच मिश्रणात असल्याने पेप्टाइडे वेगळी करणारा कॉलम बिघडला तरी सर्वांसाठी सारखाच बिघडतो. मात्र लेबल लावण्याआधीची तयारी नीट हवी. बफरमध्ये ट्रिस हे रसायन असेल तर त्याचे अमाइन लेबल खाऊन टाकते, म्हणून ८.५ पीएचचे टीईएबी हे बफर वापरावे. युरियात विरघळवलेला नमुना ३७ अंशांपुढे तापला, तर लायसिन या अमिनो आम्लावर कार्बामिलेशन होते (युरियापासून आलेला गट चिकटतो) आणि तिथे लेबल बसत नाही. मिसळण्याआधी प्रत्येकाचा थोडासा अंश चालवून लेबल कितपत बसले ते पाहावे. मिसळल्यावर काही करता येत नाही.

मरणोत्तर मेंदूंवर काम असेल तर मात्र आमचा कल डीआयएकडे आहे, आणि मुख्य कारण हे: टीएमटीत गुणोत्तरे आकसतात. निवडलेल्या पेप्टाइडबरोबर जवळपास त्याच वस्तुमानाची दुसरी पेप्टाइडे आत शिरतात आणि त्यांचे रिपोर्टर आयनही (लेबलाचे मोजले जाणारे तुकडे) त्याच मोजणीत पडतात. मेंदूतली बहुतेक प्रथिने बदललेली नसतात, म्हणून खरी दुपटीची घट दीडपटीसारखी दिसू शकते. व्हॉन्साटेल श्रेणी (मेंदूच्या ऱ्हासाची ० ते ४ मोजपट्टी) ३-४च्या कॉडेटमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या सर्वाधिक झिजणाऱ्या भागात, याने फारसे बिघडत नाही. तिथे पीडीई१०ए आणि डार्प-३२ ही न्यूरॉनमधली प्रथिने इतकी कोसळलेली असतात की आकसूनही दिसतात. पण तिथे न्यूरॉनच मेलेले असतात, त्यामुळे पेशीतला बदल कोणता आणि पेशी गेल्याचा परिणाम कोणता, हे वेगळे करता येत नाही. खरे प्रश्न श्रेणी ०-१मध्ये आहेत, आणि तिथले फरक मुळातच लहान. एसपीएस-एमएस३ने (तुकडे पुन्हा एकदा फोडून मोजण्याच्या पद्धतीने) आकसणे बरेच कमी होते, हे मान्य. पण वेग घटतो, पेप्टाइडे कमी मिळतात, आणि तसे यंत्र हाताशी असावे लागते. शिवाय ५० मेंदू म्हणजे टीएमटीचे तीन-चार वेगळे संच. प्रत्येकात समान मिश्रणाचा एक चॅनेल (एका लेबलाची जागा) ठेवला तरी संचागणिक वेगळी प्रथिने गळतात.

डीआयएही निर्धोक नाही. प्रत्येक नमुना स्वतंत्र चालतो, म्हणून आधी सगळे कंट्रोल आणि मग सगळे रुग्ण असा क्रम लावला की कॉलमची झीजच रोगाचा बदल म्हणून मिरवते. क्रम यादृच्छिक ठेवावा, पण प्रत्येक टप्प्यात कंट्रोल आणि रुग्ण दोन्ही येतील असा, दर ८-१० नमुन्यांनंतर एकत्रित मिश्रण चालवावे. एवढे पाळले तर ही अडचण दिसते तरी. आकसलेले गुणोत्तर दिसतही नाही.

या आजाराचे मूळ असलेल्या हंटिंग्टिन प्रथिनातल्या, रोगात लांबणाऱ्या ग्लुटामिन साखळीची लांबी मात्र दोन्हींकडे मागू नये. १५व्या स्थानावरच्या लायसिननंतर प्रोलिनचा पट्टा संपेपर्यंत प्रथिने कापणाऱ्या ट्रिप्सिनला कापायला जागाच नाही. तो लांबलचक तुकडा नेहमीच्या मोजणीत हाती लागत नाही. एसडीएस या डिटर्जंटमध्ये न विरघळणारे हंटिंग्टिनचे पुंजके तर पेलेटमध्येच (तळाशी बसलेल्या गाळात) राहतात. ते हवे असतील तर पेलेट फॉर्मिक आम्लात वेगळा विरघळवावा, नाहीतर फिल्टर ट्रॅप करावा, म्हणजे पुंजके गाळणीवर अडकवून मोजावेत.