रोजच्या हातातली जपमाळ : कोणती टिकते, कोणती तुटते

रोज म्हणायला जपमाळ (कॅथलिक ख्रिस्ती लोकांची रोझरी) हवी असेल तर नायलॉनच्या दोरीच्या नुसत्या गाठींची घ्या. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) स्टॉलवर तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, कारण तिच्यात चमकणारं काहीच नसतं. पण बस, शेत, कारखाना आणि दवाखाना अशा चारही ठिकाणी निभावून नेणारी माळ तीच. बाकीच्या प्रकारांनाही आपापली जागा आहे, आणि त्यांतला चांगला नग कसा ओळखायचा हेही माहीत हवं, कारण बाजारात येणाऱ्या माळांपैकी बऱ्याच वर्षभरसुद्धा टिकत नाहीत.

बेळगाव कॅम्पातलं कॅथेड्रल ज्या फातिमा मातेच्या नावाचं आहे, तिनं, म्हणजे मरियामातेनं, १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा गावी तीन मुलांना प्रत्येक दर्शनात एकच गोष्ट परत परत सांगितली: जपमाळ रोज म्हणा. त्या 'रोज'ला पुरी पडते का, एवढंच माळेबद्दल विचारायचं. वर्षातून ऑक्टोबरचा, म्हणजे जपमाळेचा, एक महिना बाहेर निघणारी माळ कशीही असली तरी चालते. रोज घामाच्या हातात, खिशात, उशीखाली राहणाऱ्या माळेचा हिशोब वेगळा.

घेताना पहिलं काम म्हणजे मणी मोजणं. पाच रहस्यांच्या (येशू आणि मरियेच्या जीवनातल्या, मनन करायच्या प्रसंगांच्या) माळेत ५९ मणी असतात: 'नमो मरिया' या प्रार्थनेचे लहान ५३ आणि 'आमच्या बापा' या प्रार्थनेचे मोठे ६. क्रूसापासून सुरुवात केली तर एक मोठा, तीन लहान, एक मोठा, मग पदक. पदकानंतर गोलात दहा, एक, दहा, एक असं करत पाच वेळा दहा; शेवटच्या दहानंतर पुन्हा पदक. पहिल्या रहस्याचं 'आमच्या बापा' पदकाच्या अलीकडच्या मोठ्या मण्यावर म्हणायचं असतं, म्हणून गोलात मोठे मणी चारच दिसतात. त्यात काही चुकलेलं नसतं. चूक असते ती दहाच्या जागी नऊ किंवा अकरा मणी असण्यात. स्वस्त माळा घाईघाईत ओवल्या जातात, त्यामुळे हे नेहमी आढळतं. अशी माळ म्हणताना लक्ष रहस्याकडे राहतच नाही, 'आत्ता दहा झाल्या की नाही' यातच मन अडकतं. दुकानात उभ्या उभ्या मोजा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी तपासणी डोळे मिटून करायची. माळ बोटांतून सरकवत न्या आणि मोठा मणी आला की अंगठ्याला कळतो का ते बघा. आकारानं मोठा, किंवा कंगोऱ्याचा, किंवा दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेला, यांपैकी काहीतरी हवंच. नुसता रंग वेगळा असेल तर उपयोग नाही. जपमाळ बहुधा संध्याकाळी म्हणतात, वीज गेलेली असते, म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असतो. लहान मणी साधारण ६ ते ८ मिलिमीटरचे असतात. संधिवातानं बोटं आखडलेल्या माणसाला १० मिलिमीटरचे द्या. सहाचे मणी त्यांच्या बोटांतून दोन-दोन एकदम निसटतात.

तिसरी तपासणी धातूच्या माळांसाठी, आणि सगळ्यात जास्त माळा इथंच नापास होतात. मण्यांच्या मधल्या कड्या बारीक तारेच्या, नुसत्या वळवून बंद केलेल्या असतात. त्यांना डाग दिलेला नसतो. कडीची दोन टोकं जिथं भेटतात तिथं फट राहिलेली असेल तर माळ आज ना उद्या तिथंच सुटणार. फट डोळ्यांनी दिसत नसेल तर शिवणाचा दोरा घ्या, कडीत अडकवा आणि हळूच ओढत फिरवा. दोरा बाहेर निसटला की समजा, मणीही तसाच निसटेल. तीन कड्या खास बघायच्या: पदकाच्या तीन टोकांच्या. गोलाच्या दोन्ही बाजूंचा आणि खालच्या क्रूसाचा ताण तिथं एकत्र येतो, त्यामुळे बऱ्याच तुटक्या माळा पदकापाशीच तुटलेल्या दिसतात. दुसरी जागा क्रूसाच्या वरच्या डोळ्याची. क्रूस खिशाच्या शिवणीत अडकतो, माणूस ओढतो, डोळा उघडतो.

सुटलेली कडी घरी बसवता येते. चपट्या तोंडाच्या दोन बारीक पकडी हव्यात. कडी कधीही दोन्ही बाजूंना ओढून उघडू नका. तशी उघडली की गोलाई जाते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. एक टोक पुढं, एक टोक मागं असं दार उघडल्यासारखं फिरवा, मणी घाला, तसंच उलटं फिरवून बंद करा. टोकं एकमेकांना घासून गेल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. तार ०.८ मिलिमीटरची असेल तर एवढ्यावर काम भागतं. त्याहून बारीक तार दोन-तीनदा वाकवली की पिचते, तेव्हा कडीच बदला. दोऱ्यात ओवलेली माळ तुटली तर बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास किंवा शहापूरला सराफांच्या दुकानांजवळ मंगळसूत्र गाठवून देणारा पटवेकरी गाठा. त्यांचा दोरा मजबूत असतो आणि गाठही पक्की बसते. फक्त मण्यांचा क्रम कागदावर काढून द्या, कारण १०८ मण्यांच्या माळा त्यांच्या हातातल्या असतात, ५९ च्या नसतात.

आता प्रकार. काचेच्या किंवा क्रिस्टलच्या मण्यांची, पांढऱ्या धातूच्या साखळीची माळ ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाला (फर्स्ट कम्युनियनला) आणि लग्नात भेट द्यायची वस्तू झाली आहे. दिसते सुंदर. पण त्या साखळीवर बहुतेक वेळा नुसता मुलामा असतो. घामानं तो उतरतो, खालचं पितळ उघडं पडतं, बोटांना हिरवट डाग पडतात, आणि मुलाम्यात निकेल असेल तर काहींच्या मानेला खाजही सुटते. अशी माळ घरच्या आल्तारावर (वेदीवर) ठेवा, म्हणून झाली की कोरड्या फडक्यानं पुसा, ती टिकेल. धातूचीच हवी असेल तर स्टेनलेस स्टीलच्या साखळीची शोधा. महाग पडते, पण घामाला दाद देत नाही. ॲल्युमिनियमचे मणी हलके असतात, मात्र बोटं काळी करतात.

लाकडी मणी हाताला सगळ्यात प्रेमळ लागतात यात शंका नाही. अडचण आपल्या पावसाची आहे. बेळगाव शहरात एक वेळ ठीक, पण जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून तीन-चार महिने घरातली गादीसुद्धा ओलसर असते. तिथं रंग दिलेलं लाकूड फुगतं, मण्याचं भोक आवळतं, आतला सुती दोरा कुजतो, रंग तळहाताला लागतो. रंग न दिलेलं, नुसतं घासून गुळगुळीत केलेलं लाकूड घ्या, आणि ओवण नायलॉनच्या दोऱ्यावर आहे ना ते बघा. खोबरेल चोपडायची सवय सोडा. ते खवट होतं आणि त्यावर मळ धरतो. प्लास्टिकच्या बंद डबीतही ठेवू नका, बुरशी तिथंच येते. कापडी पिशवी बरी. 'बेथलेहेमचं ऑलिव्ह लाकूड' असं लिहिलेल्या प्रत्येक माळेवर विश्वास ठेवायचं कारण नाही. खऱ्या ऑलिव्हच्या लाकडात गडद तपकिरी रेषा वाकड्यातिकड्या धावतात आणि कुठलेही दोन मणी सारखे नसतात. सगळे मणी एकाच छटेचे असतील तर ते दुसरंच लाकूड. तसंही कुठल्या झाडाचं लाकूड आहे यावर प्रार्थनेचं काही अडत नाही. रानजोंधळ्याच्या राखाडी बियांच्या माळाही मिळतात. त्या बीला आरपार भोक निसर्गानंच दिलेलं असतं, मणी गुळगुळीत आणि टणक. कीड लागू नये म्हणून ओवण्याआधी बिया चांगल्या वाळवलेल्या हव्यात, एवढंच.

प्लास्टिकच्या साध्या माळा धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी उत्तम. हरवली तर हळहळ नको, मुलांनी ओढली तरी मणी बोचत नाहीत. क्रूसाचा डोळा मात्र ओतीव प्लास्टिकचा असतो आणि पहिल्यांदा तोच मोडतो. आधीच एक स्टीलची कडी घालून ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मण्यांची कुठलीच माळ देऊ नका, मणी तुटून घशात जाऊ शकतो. अंधारात चकाकणारी, लोक जिला रेडियमची म्हणतात ती, खेळण्यासारखी वाटली तरी रात्री झोप न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना खरंच उपयोगी आहे. दिवसा खिडकीत ठेवली की रात्री उशाशी सापडते.

गाठींच्या माळेला साधारण दोन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सहा मीटर लागते. एका गाठीसाठी दोरी तर्जनीभोवती तीन वेढे गुंडाळतात, टोक त्या वेढ्यांच्या आतून सरकवतात, वेढे बोटावरून उतरवून हळूहळू आवळतात. गाठ लहान पिंपासारखी बसली तर बरोबर. एका बाजूला चढली असेल तर घाईनं ओढलेली आहे. 'आमच्या बापा'च्या गाठीच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच मोकळी दोरी सोडलेली असावी, म्हणजे डोळे मिटूनही कळतं. शेवटची टोकं मेणबत्तीवर वितळवून चमच्याच्या पाठीनं दाबलेली हवीत. वितळलेल्या नायलॉनला बोट लावू नका, ते कातडीला चिकटून भाजतं. सुती दोरीची गाठमाळ घेऊ नका. ती मळते, ओल धरते, आणि गाठी सैल पडतात. नायलॉनची साबणाच्या पाण्यात धुवून वाळत घातली की पुन्हा नवी. ऊस तोडणाऱ्याच्या, भात लावणाऱ्याच्या कमरेला ती चिखलातही चालते.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात लेथवर, ड्रिलवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फिरत्या यंत्राजवळ गळ्यात किंवा मनगटात कुठलीही माळ नको. धातूची साखळी तर नकोच, पण गाठींची नायलॉनची त्याहून धोक्याची, कारण ती तुटत नाही, हातच आत ओढून नेते. यंत्रमागावरही तेच. माळ बटणाच्या खिशात, आणि चहाच्या सुट्टीत एक रहस्य. एका रहस्याला तीन मिनिटं पुरतात, पूर्ण माळेला पंधरा ते वीस. पाच रहस्यं दिवसभरात पाच ठिकाणी विभागून म्हणायला काहीच आडकाठी नाही. खानापूरहून बेळगावला रोज बसनं येणाऱ्यांची तर एका फेरीत अख्खी माळ होते.

दहा कंगोऱ्यांची अंगठी अशा उभ्या प्रवासात कामाची, एक हात दांडीला धरून म्हणता येते. माप घेताना सैल घ्या, कारण प्रत्येक 'नमो मरिया'ला ती बोटावर फिरली पाहिजे. दहा मण्यांचं लवचिक ब्रेसलेट मात्र घेऊ नये असंच मत आहे. आतलं रबर काही महिन्यांत सैल होतं आणि मणी भर रस्त्यात विखुरतात. दवाखान्यात, विशेषतः एमआरआयच्या खोलीत, धातूचं काहीही आत नेता येत नाही. ज्या गाठमाळेचा क्रूसही गाठींचाच आहे तिच्यात धातू नसतो. तरी आत नेण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला दाखवून विचारा. आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची असेल तर हीच न्या, चादरीत हरवली तरी खडखडत नाही आणि अंगाखाली आली तरी बोचत नाही.

गाडीच्या आरशाला लटकवायला म्हणून वेगळी माळ विकतात, तिची शिफारस करता येत नाही. समोरचं दिसण्यात अडथळा येतो, उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि तिथून काढून ती कुणी म्हणत नाही. मोबाईलवरच्या ध्वनिमुद्रित जपमाळा एकट्या राहणाऱ्यांना सोबत करतात, त्यांचा आधार मोठा आहे. घरात चार माणसं असतील तर मात्र मोबाईल बाजूला ठेवून अर्धी प्रार्थना एकानं, अर्धी बाकीच्यांनी म्हणावी. अडखळत का होईना, लहान मुलं तशीच शिकतात.

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला जाणारे किंवा वेलांकणीहून येणारे लोक डझनानं माळा आणतात. स्टॉलवाला 'आशीर्वाद झालेली आहे' असं म्हणाला तर ती घेऊ नका. आशीर्वाद दिलेली पवित्र वस्तू विकायची नसते. साधी विकत घ्या आणि आपल्या फादरांकडून आशीर्वाद घ्या, मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोन मिनिटांचं काम. मणी तुटून बदलले, कडी नवी बसवली, तरी माळ तीच राहते, आशीर्वादही राहतो. दुरुस्तीपलीकडे गेली तर कचऱ्यात टाकायची नाही. जाळावी किंवा कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरावी.

माळेबरोबर मिळणारं पत्रक तेवढं उघडून बघा. इंग्रजी, कोकणी, कन्नड, मराठी अशी सगळी एकाच ढिगात असतात, आणि जुन्या छपाईची अजूनही निघतात. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. गुरुवारी आनंदाची रहस्ये असं छापलेलं असेल तर पत्रक त्याआधीचं. आताचा क्रम असा: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. जुनं पत्रक आलंच तर फेकू नका. गुरुवारच्या आणि शनिवारच्या ओळींवर पेननं दुरुस्ती करा आणि मागच्या कोऱ्या बाजूला प्रकाशाची ही पाच लिहून घ्या: येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, येशूचं रूपांतर, ख्रिस्तप्रसादाची स्थापना.