एका डब्यात फझ आणि ओव्हरड्राइव्ह: जोडणी-किटचे परीक्षण

गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेडलचे हे किट दोन सर्किटे एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवून देते. पहिले सर्किट म्हणजे जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा फझ, म्हणजे आवाज खरखरीत, जाडाभरडा करणारा परिणाम, ज्याचे मूळ आर्बिटर कंपनीने १९६६ साली आणलेल्या फझ फेस या पेडलमध्ये आहे. दुसरे म्हणजे ४५५८ या ऑप-अ‍ॅम्पवर (आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या आयसीवर) चालणारा, ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलच्या वळणाचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याहून सौम्य विकृती. सुटे भाग, दोन पीसीबी (भाग बसवायच्या छापील पट्ट्या), दोन फूटस्विच आणि एक माहितीपत्रक असा सगळा ऐवज हाती येतो. मी ते जोडले, ते एकेकटे उत्तम वाजले आणि दोन्ही एकत्र चालू केल्याबरोबर बिघडले. त्या बिघाडाचा शोध घेताना या किटचे गुण आणि उणिवा मला नीट कळल्या, म्हणून परीक्षण त्याच अंगाने लिहीत आहे.

भागांविषयी तक्रार नाही. पीसीबीवरचे तांबे जाड आहे, दोनदा सोल्डर काढूनही एकही पॅड उखडला नाही. पीएनपी ट्रान्झिस्टरांच्या (उलट, म्हणजे वजा पुरवठ्यावर चालणाऱ्या जातीच्या) फझमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नेहमीच्या उलट दिशेने बसतात आणि सवयीने चूक होते. या पीसीबीवर मात्र प्रत्येकाची अधिक बाजू ठळक छापलेली आहे, ही काळजी मला फार आवडली.

अडचण वीजपुरवठ्यापासून सुरू होते. पीएनपी फझला अधिक टोक ग्राउंडला, म्हणजे सर्किटाच्या सामाईक शून्य-बिंदूला, हवे असते, तर ओव्हरड्राइव्हला वजा टोक. धातूचा डबा आणि जॅक दोघांत सामाईक असल्यामुळे दोन्ही सर्किटे एकाच ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर थेट जोडली, तर शॉर्ट सर्किट होते. किटकाराने यावर योग्य तोडगा काढला आहे: ७६६० जातीची एक छोटी आयसी +९ व्होल्टपासून −९ व्होल्ट तयार करते आणि फझ त्यावर चालतो. पण माहितीपत्रकात दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर ‘४.५ व्होल्ट’ एवढेच छापले आहे. माझा मल्टिमीटर −४.६ दाखवत होता आणि तारा उलट जोडल्या गेल्या असे समजून मी त्या उगाच सोडवल्या. एक वजाचे चिन्ह छापले असते, तर ती संध्याकाळ वाचली असती.

खरा त्रास शिट्टीचा होता. ओव्हरड्राइव्ह एकटा चालू असताना ती जवळजवळ नव्हती, फझ एकटा असताना बारीक होती, आणि दोन्ही चालू केले की तारांना हात न लावताही ती स्पष्ट ऐकू येई. अशा वेळी अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा ऑडिओ प्रोब बनवावा, असे मी प्रत्येकाला सांगेन. जुन्या गिटार-केबलचे एक टोक कापावे, मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, बाहेरची जाळी क्लिपने ग्राउंडला लावावी आणि दुसरे टोक कमी आवाजावर ठेवलेल्या अ‍ॅम्पमध्ये घालावे. मग कपॅसिटरचा मोकळा पाय सर्किटवर एकेका बिंदूला टेकवत गेले, की आवाज कुठे येतो आणि कुठे हरवतो हे कानानेच समजते. मी गिटारच्या इनपुटपासून सुरुवात केली तेव्हा तिथे शांतता होती, आणि −९ व्होल्टच्या पट्टीवर टेकवल्याबरोबर तीच शिट्टी मोठ्याने वाजली.

७६६० आयसी आपल्या आतल्या सुमारे १० किलोहर्ट्झच्या दोलकाच्या (ठरावीक वेगाने स्पंदने देणाऱ्या भागाच्या) तालावर कपॅसिटर भरते आणि रिकामा करते, आणि हा वेग माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. फझसारखे प्रचंड वाढ देणारे सर्किट शेजारी असल्यावर तो आवाज डोके वर काढणारच. किटमधली आयसी ‘एस’ अक्षराची, म्हणजे वेग वाढवण्याची सोय असलेली होती, पण त्यासाठीची १ क्रमांकाची पिन पीसीबीवर मोकळीच सोडलेली आढळली. पीसीबीच्या मागून १ आणि ८ या पिनांमध्ये बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा सोल्डर केला, तसा दोलकाचा वेग सुमारे ३५ किलोहर्ट्झवर, ऐकू येण्याच्या पलीकडे गेला आणि शिट्टी जागच्या जागी बंद झाली. फझकडे जाणाऱ्या पुरवठ्यात मी १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही घातला, त्याची अधिक बाजू अर्थातच ग्राउंडला. साध्या ७६६० मध्ये १ क्रमांकाच्या पिनेला काही काम नसते, म्हणून हा उपाय करण्यापूर्वी आयसीवरची अक्षरे वाचून घ्यावीत.

शिट्टी गेल्यावरही एकत्र आवाज समाधान देत नव्हता. तो कर्कश, पातळ येत होता आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ निवळत नव्हता. याचे कारण जोडणीच्या क्रमात निघाले. किटमध्ये ओव्हरड्राइव्ह आधी आणि फझ नंतर आहे. फझ फेसच्या इनपुटचा रोध कमी असतो आणि गिटारचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) थेट समोर असला तरच तो त्याच्याशी मिळून वागतो. ओव्हरड्राइव्हच्या बफरने, म्हणजे दोन टप्पे एकमेकांपासून अलग ठेवणाऱ्या भागाने, तो संबंध तोडला. ओव्हरड्राइव्ह बंद असताना ट्रू-बायपास स्विचमुळे (जो बंद सर्किट पूर्णपणे वगळतो) गिटार पुन्हा थेट फझला जोडली जाते, म्हणून एकेकटी चाचणी घेताना हा दोष सापडणे शक्यच नव्हते. मी फूटस्विचवरच्या चार तारा सोडवून क्रम उलटा केला आणि गिटारचा व्हॉल्यूम पाचावर आणताच फझ स्वच्छ, टिपकागदासारखा मऊ झाला. किटकाराचा क्रम आवडणारे वादकही असतील, पण ही निवड आहे हे पत्रकाने सांगायला हवे होते.

आणखी एक सूचना पत्रकात हवी होती. जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची गळती उष्णतेने वाढते. सोल्डर केल्यावर लगेच बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर व्होल्टेज) लावायला घेतला तर मल्टिमीटरवरचा आकडा हलत राहतो. मी अर्धा तास थांबून ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवला, तेव्हाच तो −४.५ वर स्थिरावला. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरच्या पायाला मगर-क्लिप लावली, तर उष्णता क्लिपमध्ये उतरते.

मल्टिमीटर वापरता येत असेल आणि डबा पुन्हा उघडण्याची तयारी असेल, तर हे किट मी निःसंकोच सुचवीन. पहिलेच पेडल जोडणाऱ्याने मात्र एका सर्किटाचे किट आधी करावे, कारण या किटचे पत्रक प्रत्येक सर्किटाची चाचणी स्वतंत्रपणे शिकवते आणि दोन्ही एकत्र चालू केल्यावर काय तपासावे याविषयी एक ओळही देत नाही. किटकाराला मी पिन १ ची दुरुस्ती आणि वजाचे चिन्ह कळवले आहे. माझ्या पेडलमध्ये आता फक्त फझचा स्विच दाबताना येणारा ‘टक्’ आवाज उरला आहे. इनपुटपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावून तो जातो का, हे डबा पुढच्या वेळी उघडेन तेव्हा पाहायचे आहे.