मेदाम्ल धरणारे की पित्ताम्ल धरणारे? कोंबडीच्या यकृतातील दोन प्रथिनांची तुलना

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रकल्पासाठी यकृतातील बंधक प्रथिनांचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला आधी एक निवड करावी लागते: मेदाम्ले धरणाऱ्या प्रथिनावर काम करायचे की पित्ताम्ले धरणाऱ्या? कोंबडीच्या यकृतात ही दोन्ही असतात आणि सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत कोठेही सकाळी ताजी कलेजी मिळते, त्यामुळे कच्च्या मालाच्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच आहेत.

दोन्ही प्रथिने एकाच कुळातील, सुमारे 14 किलोडाल्टन वजनाची आहेत. दहा बीटा-पट्ट्यांचे पिंप आणि त्याच्या तोंडाशी दोन आखूड हेलिक्सचे (मळसूत्री वळणांचे) झाकण, अशी दोघांची घडण आहे. या कुळातील बहुतेक प्रथिने एकच मेदाम्ल धरतात. यकृतातील मेदाम्लाचे प्रथिन मात्र एका वेळी दोन धरते. पहिल्याचे कार्बॉक्सिल टोक पोकळीत खोलवर आर्जिनिन या अमिनो आम्लाने पकडलेले असते, तर दुसऱ्याचे टोक तोंडाशी, पाण्याच्या बाजूला राहते. पित्ताम्ल धरणाऱ्या प्रथिनातही कोलिक आम्लाचे दोन रेणू बसतात. पण मेदाम्लाची साखळी हवी तशी वळते आणि पित्ताम्लाची चार कड्यांची चौकट ताठच राहते.

प्रयोगशाळेतील खरा फरक मात्र घडणीत नसून द्रावण तयार करताना जाणवतो. शेंगतेलात भरपूर असलेले ओलिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; ते इथेनॉलमध्ये घ्यावे लागते, ते प्लॅस्टिकच्या नळीला चिकटते, आणि प्रथिन यकृतातूनच मेदाम्ले घेऊन येत असल्याने ते आधी मेदमुक्त करावे लागते. शिवाय ही पकड नॅनोमोलर पातळीची, म्हणजे फार घट्ट असल्याने साध्या फ्लुरोमीटरवर (प्रतिदीप्ती मोजणाऱ्या यंत्रावर) ती नेमकी मोजणे अवघड जाते. सोडियम कोलेट (कोलिक आम्लाचा क्षार) मात्र पाण्यात सहज विरघळते आणि त्याची पकड मायक्रोमोलर पातळीवर मोजता येते. फक्त त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) बनू नयेत एवढे प्रमाण कमी ठेवावे. पित्ताम्लाचे प्रथिन आम्लारीधर्मी असल्याने पीएच 8 ला डीईएई स्तंभाला (ऋणभारित प्रथिने धरणाऱ्या) न चिकटता खाली उतरते, आणि शुद्धीकरणाचा निम्मा त्रास वाचतो.

म्हणून हाताशी एकच सत्र असेल तर मी पित्ताम्लाचीच बाजू घेईन. मात्र आपला प्रश्न माणसाच्या फॅटी लिव्हरचा असेल, तर ही सोय उपयोगाची नाही, कारण सस्तन प्राण्यांच्या यकृतात हे पित्ताम्लाचे प्रथिन नसते. त्याचे भावंड लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सापडते. माणसाच्या यकृतपेशीत एफएबीपी1 हे मेदाम्लाचे प्रथिन विपुल असते आणि ते पित्ताम्लेही धरते, मात्र सैलपणे. एफएबीपी1चे जनुक काढून टाकलेले उंदीर 2003 मध्ये तयार झाले. ते जगतात, पण उपाशी ठेवल्यावर त्यांच्या यकृतात नेहमीइतका मेद साठत नाही. असा प्रश्न मनात असेल तर जास्तीचे कष्ट घेऊन, ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्रथिन तयार करून, मेदाम्लाचीच वाट धरावी.

कलेजी आणताना दुकानदाराला पित्ताची हिरवी पिशवी न फोडता काढायला सांगावे. ती फुटली तर कलेजी कडू होते हे घरी सर्वांना माहीत आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की, जे पित्ताम्ल मोजून घालायचे तेच नमुन्यात आधीच मिसळलेले असते. अशी कलेजी बाजूला ठेवावी, धुऊन वापरू नये.