एक लाख चाळीस हजारांच्या झिणझिण्या

आठवड्यातून एक तरी फोन येतोच. "तुम्ही घेतलाय तो पातळ लॅपटॉप कसा आहे? घ्यावा का?" डिसेंबरात कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्या पैशात दोन साधे लॅपटॉप घे आणि उरलेल्यात घरच्यांना गोवा दाखवून आण. आता मे संपत आलाय आणि माझं उत्तर बदललंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

माझा धंदा कर सल्लागाराचा, ऑफिस सांगलीत घरातल्याच एका खोलीत. जुना लॅपटॉप २०१७ चा, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही, आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होते. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती म्हणा, आणि मुदतवाढीवर जगायची आम्हाला सवयच आहे. त्याच वर्षी रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि तिथून १६ सप्टेंबरवर गेली होती. पण दुसऱ्यांची पॅनकार्डं आणि बँकेची स्टेटमेंटं असल्या मशीनवर ठेवायला मन होईना.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला घेतला. मुहूर्त बायकोचा. माझा हिशेब वेगळा होता: २ ऑक्टोबर ते ३१ मार्च १८१ दिवस होतात. १८० पेक्षा कमी दिवस वापर झाला की घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी मिळणारी वजावट, निम्मा. म्हणजे आठवडाभर रेंगाळलो असतो तर ४० टक्क्यांचे २० झाले असते. त्याच संध्याकाळी पहिलं बिल टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवलं. किंमत १,३९,९९०, त्यातले २१,३५४ जीएसटीचे, ते क्रेडिटमध्ये आले. तरीही घरी आकडा सांगताना मी "लाखाच्या आसपास" असंच सांगितलं.

दुकानदार स्नॅपड्रॅगनवाला, म्हणजे मोबाइलच्या जातीची चिप असलेला, गळ्यात मारत होता. तो घेतला नाही, कारण डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्हसारखा यूएसबीत लावायचा. स्नॅपड्रॅगनवर साधे प्रोग्रॅम निभावतात, पण ड्रायव्हर त्याच जातीचा लागतो, आणि टोकनवाल्यांकडून तो कधी येईल याची वाट बघत मी २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरू शकत नाही. म्हणून इंटेलचा, कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही. त्यातला शेवटचा ८ म्हणजे ३२ जीबी मेमरी. ६ असता तर १६. मेमरी चिपलाच चिकटलेली, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा जे काय घ्यायचं ते पहिल्याच दिवशी. त्या वेळी हे जिवावर आलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून मेमरीचे भाव जे चढलेत ते बघता हाच काय तो माझा शहाणपणा.

आता मूळ तक्रार.

चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून अनवाणीच खुर्चीत बसलो, पाय फरशीवर. तळहात कीबोर्डच्या खालच्या पत्र्यावर टेकला आणि मनगटात झिणझिण्या आल्या. शॉक नव्हे. मुंगी चावावी तसंही नाही. बोट हळूच फिरवलं की पत्रा खरखरीत लागतो, जणू बारीक सॅंडपेपर. चार्जर काढला की पत्रा गुळगुळीत. परत लावला की खरखर. एक लाख चाळीस हजारांची वस्तू आणि तिला हात लावायची चोरी!

पुढचे अडीच महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे होतो. स्क्रीन, बॅटरी, आवाज, कशाकडेच लक्ष नव्हतं. कस्टमर केअरने पहिल्यांदा बायॉस अपडेट करायला लावलं. दुसऱ्यांदा विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. झिणझिण्यांवर विंडोज! मी म्हटलं, उद्या दाढ दुखली तर चष्मा बदलायला सांगाल.

शेवटी कोल्हापूरहून इंजिनियर आला. पोरगा चांगला होता. बूट-मोजे घालून माझ्या खुर्चीत बसला, दोन्ही हात पत्र्यावर ठेवले आणि म्हणाला, "सर, मला काहीच लागत नाही."

"बूट काढ."

"सर?"

"बूट काढ, मोजे काढ, आणि पाय फरशीवर ठेव."

त्याने काढले. हात ठेवला. दोन सेकंद गप्प, मग हात उचलून तळवा बघितला. "हां सर, थोडंसं येतंय." आणि रिपोर्टवर काय लिहिलं? 'दोष आढळला नाही.' मी सही केली नाही. तासभर वाद. आठवड्याने नवा अडॅप्टर आला, त्यालाही तेच. मग मी मदरबोर्ड बदलून मागितला. माझा मुद्दा बिनतोड होता: याच टेबलावर, याच सॉकेटवर जुना लॅपटॉप आठ वर्षं चालला, कधी झिणझिणला नाही. म्हणजे दोष नव्या मशीनचा. सात मेल लिहिल्या. ग्राहक मंचाच्या अर्जाचा मसुदाही तयार करून ठेवला होता.

जानेवारीत स्वयंपाकघरातला गीझर गेला म्हणून वायरमन आला. जाता जाता त्याला म्हटलं, जरा हे बघ. त्याने टेस्टर लॅपटॉपच्या झाकणाला लावला. आतला दिवा मंद लालसर पेटला. मग टेस्ट लॅम्प काढला. सॉकेटच्या दोन खालच्या भोकांत दिवा लख्ख. एक वायर वरच्या मोठ्या भोकात घातली, दिवा गप्प. स्क्रू काढून पाटी बाहेर ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हितं हिरवी वायरच न्हाई की."

नव्हतीच. हिरवी, म्हणजे अर्थिंगची. २००९ साली ही खोली ऑफिससाठी केली तेव्हा टेबलापाशी दोन जादा पॉइंट काढले होते. त्या वेळच्या वायरमनने विचारलं होतं, तिसरी वायर ओढू का? मी विचारलं होतं, तिचा उपयोग काय? तो म्हणाला, फ्रिज-गीझरला लागते. मी म्हटलं, इथे कुठे फ्रिज ठेवायचाय, दोनच ओढ. किती वाचले ते आठवत नाही. शंभर-दीडशे असतील.

वायरमन गेल्यावर समजून घेतलं ते असं. अडॅप्टरच्या पोटात विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज-न्यूट्रलमधली अगदी किरकोळ गळती अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर ती गळती जाणार कुठे? लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर, २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टला, तरंगत राहते. करंट मिलीअँपियरच्याही अंशात, आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होतो ३० मिलीअँपियरला. म्हणजे जिवाला धोका नाही, फक्त डोक्याला ताप. जुन्या लॅपटॉपमध्येही हीच गळती होती. पण तो प्लास्टिकचा होता. माझा बिनतोड मुद्दा इथे तुटला.

हिरवी वायर ओढायचे ३८० रुपये झाले. त्या दिवसापासून पत्रा गुळगुळीत. सात मेल मी पुन्हा वाचल्या नाहीत. कंपनीचं नाव का लिहीत नाही, ते आता कळलं असेल. तरीही अर्थिंगचा प्रश्न त्यांच्या कुणी एकदा तरी विचारायला हवा होता. त्या पोराला कोल्हापूरहून पन्नास किलोमीटर यावं लागलं नसतं.

तर फेब्रुवारीपासून मी हा लॅपटॉप खऱ्या अर्थाने वापरतोय असं म्हणायला हरकत नाही. बॅटरी सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत जाते, टॅली, एक्सेल आणि पोर्टलच्या पंधरा खिडक्या उघड्या ठेवून. मार्चअखेर एका क्लायंटच्या गोदामात दिवसभर स्टॉक मोजत बसलो, चार्जर पिशवीतून काढलाच नाही. वजन सव्वा किलो. जुनी पिशवी खांद्याला ओढायची, ही रिकामी आहे की काय म्हणून दोनदा उघडून बघतो. आठ कोअर आणि आठच थ्रेड, म्हणजे एका वेळी आठच कामं, म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली होती. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी मुरडावीत, माझी साठ हजार ओळींची शीट तो श्वास न फुलवता उघडतो.

ओलेड स्क्रीन सुंदर आहे, पण टॅलीची तीच ती पट्टी दिवसभर एकाच जागी. डाग उमटेल या भीतीने टास्कबार लपवून ठेवतो आणि चहाला उठताना झाकण लावतो. उजव्या कंट्रोलच्या जागी एआयची कळ दिली आहे. एक्सेलमध्ये उजव्या हाताने कंट्रोल आणि बाण दाबून तळाला जायची माझी वीस वर्षांची सवय. मी तळाला जातो आणि तो विचारतो, आज मी काय मदत करू? चौदा इंचात नंबरपॅड नाही हे माहीत होतं, वेगळा घेतला. टोकनला जुनं यूएसबी लागतं, त्यासाठी लावायचा जोड, म्हणजे डोंगल, आतापर्यंत एकदा हरवला.

घ्यावा का? माझ्यासारखं आकड्यांचं काम असेल आणि दिवसातला निम्मा वेळ बाहेर जात असेल तर घ्या. टेबलावरून हलणारच नसेल तर साठ हजारांचा जाडा लॅपटॉप घ्या, नंबरपॅडही मिळेल. इंटेलची नवी पिढी जानेवारीत आलीय. माझ्या पिढीचा पडून राहिलेला माल कुठे उतरलेल्या भावात दिसला तर मी तोच घेईन. नवा घेऊन टॅली काही जास्त पळणार नाही.

एक राहिलं. हॉलमध्ये सोफ्याशेजारी चार्जर लावला की अजून झिणझिणतं. तो पॉइंटही २००९ चाच. वायरमन म्हणाला, घरभर वायरिंग बघून एकदाच करून टाकू, अठ्ठावीस हजारांत बसेल. तूर्त लॅपटॉप ऑफिसच्या खोलीतच चार्ज होतो.