सहा टॅब, एक जुना लॅपटॉप आणि एक वही : आमच्या मिशन शाळेतले आठ महिने

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) सुगीच्या सणात एक लाल भोपळा तीनदा विकला गेला. सुगीचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतात जे पिकलं ते लोक देवळात आणून ठेवतात आणि उपासना झाली की आवारात त्याची बोली लागते. एकाने भोपळा घेतला, पैसे मोजले आणि पुन्हा टेबलावर ठेवला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्या बोलीला तो पाळकसाहेबांच्याच (आमच्या धर्मगुरूंच्या) घरी परत गेला, आणलाही त्यांनीच होता. लिलाव आणि दानार्पण मिळून ४३,००० रुपये शाळेच्या ‘डिजिटल’साठी जमले. पुण्याच्या एका माजी विद्यार्थ्याने १५,००० घातले, वर आपला जुना लॅपटॉपही दिला. त्या पैशांचं काय झालं ते आता, टॅब वर्गात येऊन आठ महिने झाल्यावर, लिहितेय, कारण मे महिन्यात मी स्वतः असा एखादा अनुभव शोधत होते आणि जे मिळालं त्यातली निम्मी जाहिरात होती.

शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातली (आम्ही अजून नगरच म्हणतो), मराठी माध्यम, अनुदानित, पहिली ते चौथी. पट ५८, शिक्षक तीन. त्यातल्या एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचा अर्धा दिवस युडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) आणि खिचडीच्या नोंदीत जातो. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, माझ्याकडे. निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत. हे का सांगतेय ते पुढे येईलच.

संस्थेच्या मंडळींच्या मनात आधी भिंतीवरचा मोठा टच बोर्ड होता. एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला. मुलांनी बोटाने हत्ती काढला, सगळे खूश. मग लाईट गेली. बोर्ड काळा झाला आणि तो माणूस पाऊण तास आमच्याबरोबर चहा पीत बसला. किंमत दीड लाखाच्या वर, शिवाय अभ्यासक्रमाच्या व्हिडिओंचे दरवर्षी वेगळे पैसे. तरी एक विश्वस्त म्हणालेच, “ज्या मिशनने १८४२ साली नगरात ‘ज्ञानोदय’ नियतकालिक काढलं, त्याच्या शाळेत साधा बोर्ड नको?” मला मात्र फरार बाई आठवत होत्या. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ साली वारेपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलगी शाळेत टिकते ती कुणी तरी रोज तिच्याकडे बघतं म्हणून, एवढं मला त्या गोष्टीतून कळलंय. मीटिंगमध्ये हे बोलले नाही. बोलले ते एवढंच, की लाईट गेली तर काय?

यातूनच वही निघाली. दोनशे पानी, वर ‘तंत्रज्ञान नियोजन’. पहिल्या पानावर पाच प्रश्न : कुठला तास? कुणाच्या हातात? चार्जिंग कोण करणार? लाईट गेली तर? मोडलं तर पैसे कुठून? चार प्रश्नांची उत्तरं मे महिन्यात लिहून झाली. पाचव्यापुढे मोठ्या बाईंनी ‘बघू’ लिहिलं. हा अनुभव मुळात त्या वहीचाच आहे. टॅब काय, कुणीही विकत घेतं.

खरेदी झाली ती अशी : सहा टॅब ५१,०००, कव्हर आणि काचा ३,६००, राउटर १,४००, एक्स्टेंशन बोर्ड आणि कपाटाचं कुलूप १,१००. एकूण ५७,१००. हाती उरले ९००.

लॅपटॉपवर कोलिब्री टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हे लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर, इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलेलं. साहित्य एकदाच नेट असलेल्या ठिकाणी उतरवून घ्यायचं; पुढे लॅपटॉप आणि राउटर चालू असले की टॅबच्या ब्राउझरमध्ये सगळं उघडतं, डेटा लागत नाही. मुलांना ईमेल नको, मोबाइल नंबर नको. लहानांसाठी पासवर्डही बंद ठेवता येतो. मी नावांऐवजी हजेरी क्रमांक दिले, कारण पहिल्या दिवशी एका मुलाला स्वतःचं नाव देवनागरीत टाइप करायला अकरा मिनिटं लागली, आणि तास पस्तीस मिनिटांचा! लॅपटॉप जुना असला तरी बॅटरी दोन तास टिकते आणि राउटरला छोटा यूपीएस लावलाय (पदरचा, हिशेबात नाही). त्यामुळे लाईट गेली तरी तास चालतो. डेमोतल्या माणसाची तेव्हा हटकून आठवण येते.

साहित्यात आमचा सगळ्यात जास्त वापर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टींचा. त्या वाचनपातळीप्रमाणे एक ते चार अशा लावलेल्या असतात, आणि दोन वर्ग एका खोलीत असणाऱ्या बाईला याहून मोठं सुख नाही. तिसरीतलं मूल पहिल्या पातळीची गोष्ट वाचतंय हे शेजारच्याला कळत नाही. कागदी पुस्तकात मुखपृष्ठावरूनच कळतं आणि चिडवाचिडवी सुरू होते. गणितासाठी मराठीत मला हवं तसं एका जागी मिळेना, म्हणून मे महिन्यात भाच्याच्या घरी वायफायवर बसून कोलिब्री स्टुडिओत (कोलिब्रीसाठी साहित्य बनवायची वेबसाइट) गुणाकार-भागाकाराचे प्रश्न स्वतःच तयार केले. १४० प्रश्न, तेरा दिवस. सुट्टी गेली. घरच्यांनी ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता फसलं काय ते.

पहिला सोमवार. कपाट उघडलं तर सहाच्या सहा टॅब चार-पाच टक्क्यांवर. चार्जिंगला लावले होते शुक्रवारीच, पण ऑफिसचा मेन स्विच पाच वाजता बंद करायची आमच्याकडे वीस वर्षांची शिस्त आहे आणि खिचडीच्या मावशी ती पाळतात. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहीत ‘चार्जिंग : शिक्षक’ असं लिहिलं होतं आणि शिक्षक म्हणजे तिघांपैकी कुणीच नाही. मग दोन चौथीवाले नेमले. रोज मधल्या सुट्टीत टॅब लावायचे, सव्वातीनला काढायचे, प्रत्येकाचे टक्के वहीत लिहायचे. मुलं त्यांना ‘वीजमंत्री’ म्हणतात. जुलैपासून एकदाही टॅब बंद मिळाला नाही. गंमत म्हणजे टक्केवारी मी शिकवण्याआधी या दोघांना आली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. ऑगस्टमध्ये गणितात सगळे पुढे पळताना दिसले. मुलं खूश, मोठ्या बाई खूश, केंद्रप्रमुखांना दाखवलं तर तेही खूश. मला मात्र वर्गातल्या आवाजाचा संशय आला. टक, टक, टक. चार पर्यायांवर बोट मारत जायचं. एखादं तरी बरोबर येतंच. कोलिब्रीत शिक्षकाला प्रत्येक मुलाचा प्रत्येक प्रयत्न दिसतो, चुकलेला पर्यायसुद्धा. रात्री घरी लॅपटॉप उघडून बसले आणि पोटात गोळा आला. एका मुलाने २४ भागिले ६ ला आधी ३, मग ६, मग ८ आणि शेवटी ४ दाबलं होतं. असं पानभर. दुसऱ्या दिवसापासून दोन बदल केले. धडा पूर्ण व्हायला लागोपाठ पाच बरोबर, अशी अट स्टुडिओत लावता येते, ती लावली. आणि पाट्या बाहेर काढल्या. आधी पाटीवर गणित, पाटी मला दाखवायची, मगच टॅबला हात. ‘डिजिटल शाळेत पाटी?’ म्हणून एका पालकाने विचारलं. हो, पाटी. सप्टेंबरात वेग निम्म्यावर आला आणि भागाकार यायला लागला.

हेडफोनवर शब्द खर्च करत नाही. सहा घेतले होते (वरच्या हिशेबात नाहीत), दिवाळीपर्यंत एक उरला. घेऊ नका.

पाचवा प्रश्न, म्हणजे ‘बघू’, सप्टेंबरात उभा राहिला. तीन नंबरचा टॅब ओट्यावरून पडला, स्क्रीन गेली. दुरुस्ती २,८००. खात्यात ९००, आणि वेतनेतर अनुदानातून टॅबची काच बसत नाही. सात आठवडे तो कपाटात पडून होता. ज्या मुलाच्या हातून पडला तो त्या सात आठवड्यांत एकदाही दुसऱ्या टॅबला हात लावेना. शेवटी महिला मंडळाने वडापावचा स्टॉल लावून पैसे उभे केले. आमच्यासारखं कुणी करणार असेल तर सहाऐवजी पाच घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. एका टॅबपेक्षा त्या पोराचे सात आठवडे महाग पडले.

आता जे योजनेत नव्हतंच आणि सगळ्यात चांगलं झालं ते. टॅबमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं साधं बटण असतं, फुकटचं. नोव्हेंबरात नेट नाही, लॅपटॉप माझ्या चुकीने घरी राहिलेला, म्हणून वेळ मारून न्यायला मुलांना म्हटलं, एकेक परिच्छेद वाचा आणि स्वतःच ऐका. तिसरीतली एक मुलगी व्हरांड्यात गेली. माझ्यासमोर ती कधी मोठ्याने वाचत नव्हती, अडखळली की ओढणीच्या टोकाशी चाळा सुरू. अर्ध्या तासाने आली तर टॅबमध्ये सात रेकॉर्डिंग. पहिल्यात ‘प्रा... प्राथ... बाई काय ते’ असं होतं. सातव्यात सलग. मधली पाच तिने पुसायला लावली, पहिलं आणि सातवं ठेवा म्हणाली. आता दर गुरुवारी शेवटचा तास याचाच आहे. निपुण भारतच्या (लहान मुलांच्या वाचन-गणिताची सरकारी मोहीम) तपासणीसाठी वाचनाचा पुरावा मागतात, तेव्हा मी नोव्हेंबर आणि जानेवारीचा आवाज लावून देते. कागद भरावे लागतातच, पण ऐकल्यावर समोरचा माणूस जरा वेळ कागदाकडे बघत नाही.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं थोडक्यात. दीक्षा या सरकारी ॲपवरचे काही व्हिडिओ खरंच चांगले आहेत, पण आमच्याकडे रेंज फक्त लिंबाकडच्या खिडकीत येते. मी घरून उतरवून आणते. पारितेवाडीच्या डिसले सरांनी क्यूआर कोडची वाट दाखवली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, अभिमान आहेच. पण खिडकीपाशी २७ मुलं उभी राहत नाहीत.

आणि आता नाजूक विषय. टॅब आले त्याच आठवड्यात दोघा-तिघांनी बायबलच्या कार्टून फिल्म पेनड्राइव्हवर आणून दिल्या. हेतू चांगला, आणि पैसे मंडळीचे, त्यामुळे नाही कसं म्हणणार? पण राज्यघटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. पाळकसाहेबांनीच तोडगा काढला. टॅबवर फक्त अभ्यास. बायबल वर्ग शुक्रवारी शाळा सुटल्यावर, लेखी संमती असलेल्यांचा, आणि तिथे टॅब न्यायचा नाही. तिथे जुना फ्लॅनेलचा बोर्ड चालतो, ज्यावर दानिएल आणि सिंहांची कापलेली चित्रं चिकटतात. एका सिंहाची शेपटी कधीच गेलीय. मुलं दर वेळी शेपटीवरून हसतात आणि गोष्ट त्यांना पाठ आहे. तोही वहीत ‘साधने’ या रकान्यात लिहिलाय. चार्जिंग : नाही. दुरुस्ती : फेव्हिकॉल.

फोटोंचंही ठरवायला हवं होतं, ठरवलं उशिरा. पालकांच्या ग्रुपवर मुलांचे टॅबसहित फोटो धडाधड जात होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची वेगळी अट आहे, हे मला एका आईने सांगितलं. ती तलाठी कार्यालयात काम करते. आता प्रवेश अर्जाला एक संमतीपत्र जोडलंय आणि चेहरे दिसणारे फोटो ग्रुपवर टाकत नाही. कुरकुर झाली, कारण नातेवाइकांना पाठवायला फोटो मिळेनात.

विश्वस्तांना खरी आशा होती पट वाढायची. रस्त्यापलीकडे इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिची पिवळी बस आमच्या दारावरून जाते. जूनमध्ये दोन मुलं वाढली. त्यातल्या एकाचं घर शाळेला लागून आहे आणि दुसऱ्याची आजी आमचीच माजी विद्यार्थिनी. टॅबमुळे कुणी आलं असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

तारे द्यायचेच तर कोलिब्रीला पाचपैकी चार. एक मराठी साहित्यासाठी राखून, ते वाढलं की देईन. आवाजाच्या बटणाला पाच. हेडफोनला शून्य. वहीला साडेतीन, अर्धा ‘बघू’मुळे गेला आणि एक चार्जिंगमुळे.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी पुन्हा सुगीचा सण. यंदा शाळेची मागणी टॅबची नाही. इन्व्हर्टरची बॅटरी, दोन जादा प्लग आणि दुरुस्तीला पाच हजार, एवढंच लिहून दिलंय. विश्वस्तांना ते फार साधं वाटलं. लिलावाला भोपळा या वेळी शाळेचा आहे, परसबागेतला. वेलाला दोन धरलेत, आणि वीजमंत्री रोज मधल्या सुट्टीत टॅब लावून झाले की ते सुतळीने मोजून आकडा वहीत टाकतात, टक्क्यांच्याच रकान्यात.