रिसायकल्ड पीएलए फिलामेंट: ताठ आहे, पण चिवट नाही

सध्या थ्रीडी प्रिंटरवर हेच फिलामेंट (प्रिंटर वितळवून वापरतो ती प्लास्टिकची तार) लावतोय म्हणून लिहितो. फॅक्टरीत उरलेलं पीएलए (मका-उसासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक) दळून, परत वितळवून काढलेलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने बऱ्याच रिसायकल्ड पीएलएला लागू पडतं.

हुक, ब्रॅकेट, डबे असलं काही करायचं असेल तर बिनधास्त घ्या. हाताला नव्या पीएलएइतकंच ताठ लागतं, फिनिश मस्त येतं, रंग तेवढा किंचित पिवळट आहे.

पण दाबून बसवायची क्लिप याच्यात करू नका! नव्या पीएलएची क्लिप जास्त वाकवली की आधी घडीवर पांढरट रेघ उमटते आणि मग ती तुटते, ह्याची मात्र काही कळायच्या आत टक्कन तुटली आणि कडा एकदम साफ. फिलामेंटसुद्धा स्पूलवरून सोडवताना जरा तिरकं ओढलं तर मोडतं.

असं का होतं तर पीएलए म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या, आणि त्यांच्या कड्या जोडणारे एस्टर बंध पाण्याला फार कच्चे. मालात थोडी जरी ओल राहिली आणि तो तसाच वितळवला तर ते पाणीच बंध तोडत जातं, वर उष्णतेनेही साखळ्या तुटतात, म्हणजे जितक्या वेळा माल एक्स्ट्रूडरमधून (वितळवून तार काढणाऱ्या मशीनमधून) जाईल तितक्या त्या आखूड. ताठपणाला त्याने फारसा फरक पडत नाही पण धक्का सोसायला आणि ताणलं जायला साखळ्या एकमेकींत नीट गुंतलेल्या लागतात, आणि नेमकं तेच कमी होतं.

आखूड साखळ्यांमुळे वितळलेला माल पातळही होतो, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप) वाढतो. मी नवं पीएलए २१० डिग्रीला चालवतो, त्याच सेटिंगला ह्याचे प्रिंटवर बारीक धागे सुटत होते, नॉझल (वितळलेला माल बाहेर पडतो ते तोंड) १९५ वर आणल्यावर जमलं. आणि ड्रायरमध्ये ४५ ते ५० डिग्रीला काही तास ठेवल्याशिवाय लावूच नका. ओलं असेल तर नॉझलमधून चटचट आवाज येतो आणि तिथेच साखळ्या अजून तुटतात. ड्रायर ६० च्या आसपास नेऊ नका, पीएलए मऊ पडून वेटोळी एकमेकांना चिकटतात.

माझी खरी तक्रार बॉक्सबद्दल आहे. त्यावर भलंमोठं ‘बायोडिग्रेडेबल’ छापलंय, पण पीएलए नीट कुजायला साधारण ५८ डिग्रीचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं, मातीत पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. जे वापरणाऱ्याला खरंच हवंय ते मात्र कुठेच नाही: नवा माल किती मिसळलाय, साखळ्या परत जोडणारं चेन एक्स्टेंडर घातलंय का, मेल्ट फ्लो किती. एवढं छापलं तर कशासाठी वापरायचं ते घेणारा स्वतःच ठरवेल ना!

आणि फसलेले प्रिंट पाण्याच्या बाटल्यांच्या रिसायकलिंगमध्ये टाकू नका प्लीज. पीएलएची घनता १.२४ आणि पीईटीची (बाटल्यांच्या प्लास्टिकची) १.३८ च्या आसपास, पाण्याची १, दोन्ही पाण्यात बुडतात त्यामुळे तरंगवून वेगळं करता येत नाही, आणि थोडंसं पीएलए मिसळलं तरी पीईटी धुरकट होतं. वेगळ्या डब्यात साठवा आणि कोणी पीएलए परत घेत असेल तर त्यांनाच द्या. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा बॉक्समुळे कापलाय.