हॉटेलच्या मुक्कामात धुण्याजोगे अंडरपॅड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

धुऊन पुन्हा वापरता येणारे, गादीवर अंथरायचे जलरोधक अंडरपॅड मी दिवाळीच्या आधी घेतले आणि तेव्हापासून कामानिमित्त नाशिकबाहेर होणाऱ्या प्रत्येक मुक्कामात ते माझ्या बॅगेत असते. प्रौढ वयात झोपेत लघवी होण्याचा त्रास असलेल्या माणसाचे घरी निभावून जाते, कारण गादीवर मेणकापड कायमचे घालता येते आणि चादर सकाळी धुवायला टाकता येते. हॉटेलात मात्र गादी दुसऱ्याची असते, ओले कापड वाळत घालायला जागा नसते आणि खोली आवरणारा माणूस केव्हाही दार वाजवतो. यांपैकी पहिली अडचण हे पॅड उत्तम सोडवते. उरलेल्या दोन आपणच सोडवायच्या.

वर सुती कापड, मध्ये शोषक थर आणि तळाशी टीपीयूचा (लवचीक, जलरोधक प्लास्टिकचा) पातळ पडदा अशी याची रचना आहे. जुन्या पीव्हीसीच्या मेणकापडासारखे ते कूस बदलताना चुरचुरत नाही आणि एप्रिलच्या उकाड्यातही पाठ घामाने चिकचिकत नाही. बाजूच्या लांब पट्ट्या गादीखाली खोचल्या की पॅड रात्रभर सरकत नाही, आणि माझ्या मते शोषणक्षमतेपेक्षा हाच गुण मोठा आहे. हॉटेलच्या गाद्या जाड असतात, त्यामुळे आखूड पट्ट्यांचे पॅड घेण्यात अर्थ नाही.

केवळ पॅडवर मात्र विसंबू नये. खरे काम पॅन्टसारखा डायपर करतो, कारण त्यातील सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट लघवी शोषून तिचा जेल करते. कुशीवर झोपल्यावर मांडीजवळून जे निसटते, ते पॅड अडवते. डायपर कंबर व नितंब मोजूनच घ्यावा. सैल डायपर जास्त सुरक्षित असेल असे वाटते खरे, पण मांडीशी फट राहिली की गळती ठरलेलीच.

वाळवण्याच्या बाबतीत हे पॅड कमी पडते. हिवाळ्यात कोरड्या हवेत ते गॅलरीत दुपारपर्यंत वाळते, पण पावसाळ्यात इगतपुरीच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशीही ओलसर राहिले आणि त्याला कुबट वास येऊ लागला. म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाला आणि पावसाळ्यात मी एकदा वापरून टाकायचे पॅडच नेतो. धुताना आधी थंड पाण्यातून काढावे आणि कापड मऊ करणारे द्रव्य अजिबात घालू नये, कारण त्याचा थर बसून कापड शोषेनासे होते. गरम इस्त्रीने तळाचा पडदा खराब होतो.

वापरलेला डायपर शौचकुपात टाकायचा नाही, हे सांगायला नकोच. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो नीट गुंडाळून द्यायचा असतो. घरी तो असाच घंटागाडीत जातो. हॉटेलात मी कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून न्हाणीघराच्या कचराकुंडीत ठेवतो आणि सफाई कर्मचाऱ्याला तसे सांगतो. खोलीत शिरतानाच एक जादा चादर मागून घ्यावी. कोणी कारण विचारत नाही.

नागपूरसारख्या लांबच्या बसप्रवासानंतरची रात्र हमखास अवघड जाते, याचे कारण मला डॉक्टरांकडून कळले: तासन्‌तास बसल्याने पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर काढतात. त्यामुळे पोहोचल्यावर संध्याकाळीच तासभर पाय उंच करून पडतो, जेवणात लोणचे-पापड टाळतो आणि चहा दुपारनंतर बंद ठेवतो. पाणी मात्र दिवसभर व्यवस्थित पितो, फक्त झोपण्याआधीचे दोन तास हात आखडता घेतो.

ज्यांना हा त्रास मोठेपणी नव्याने सुरू झाला आहे, त्यांनी पॅड मागवण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञांना भेटावे. मधुमेह, प्रोस्टेटची वाढ, बद्धकोष्ठता किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार यामागे असू शकतो. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून दिली जाणारी डेस्मोप्रेसिनची गोळी प्रवासात सोयीची वाटते, पण तिच्याने रक्तातील सोडियम घसरू शकते. डॉक्टरांना न विचारता, कोणाच्या तरी सांगण्यावरून ती घेऊ नये.

इतक्या धुलाईनंतर पॅडच्या कडेची शिवण एका कोपऱ्यात उसवली आहे, तळाचा पडदा मात्र शाबूत आहे. किंमत पाहता तक्रार नाही. दोन रात्रींहून मोठा मुक्काम असेल तर दोन पॅड घ्यावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरे अंथरता येते.